नागरिकत्व सुटते तेव्हा

भारताच्या नागरिकत्व कायद्यातले नववे कलम जेमतेम काही ओळींचे आहे. जो भारतीय नागरिक स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेईल, त्याचे भारतीय नागरिकत्व तिथेच संपेल, एवढेच ते सांगते. त्यासाठी आधी नोटीस निघत नाही, कोणी बोलावून विचारत नाही, घरी पत्र येत नाही. न्यू जर्सीतल्या एखाद्या सभागृहात माणूस उजवा हात वर करून शपथ घेतो आणि दिल्लीत कोणाला पत्ता लागण्याआधी तो भारताचा नागरिक उरलेला नसतो. पासपोर्ट सरेंडर करणे, त्याचे प्रमाणपत्र मिळवणे, परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डासाठी अर्ज भरणे हे सगळे नंतरचे सोपस्कार आहेत. मुख्य गोष्ट तोवर घडून गेलेली असते.

ती किती जणांच्या बाबतीत घडते, हे केंद्र सरकारने राज्यसभेत सांगितले आहे. २०११ साली १,२२,८१९ भारतीयांनी नागरिकत्व सोडले. कोविडच्या २०२० सालात हा आकडा ८५,२५६ वर आला आणि २०२२ साली २,२५,६२० वर गेला. २०११ ते २०२२ या बारा वर्षांची बेरीज सोळा लाखांच्या पुढे जाते. मराठी घरांत हा विषय आता परका नाही. पुण्यात, नागपुरात, ठाण्यात, कोल्हापुरात अशी घरे आहेत, जिथे आईवडील भारतीय, मुलगा अमेरिकी किंवा ऑस्ट्रेलियन आणि नातवंडे जन्मापासूनच परदेशी नागरिक आहेत. गोव्यातल्या सासष्टी आणि बारदेश तालुक्यांत तर पासपोर्टचा रंग हा लग्नाच्या बोलण्यांपासून ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपर्यंत सगळीकडे डोकावणारा विषय आहे.

तरीही या अनुभवावर मराठीत नीट लिहिले गेलेले फार कमी आहे. परदेशगमनावर आपल्याकडे लिहिले जाते. प्रवासवर्णने आहेत, डॉलरच्या मोहाची टीका आहे, एकाकी म्हाताऱ्या आईवडिलांच्या कथा आहेत. परंतु नागरिकत्व जाते म्हणजे नेमके काय जाते, आणि ते गेल्यावर ‘मी भारतीय आहे’ या वाक्याचे काय होते, हा प्रश्न बहुधा कुत्सित शेऱ्यात किंवा गळा काढण्यात संपतो. या पुस्तकात ज्यांनी आपले अनुभव सांगितले आहेत, त्यांनी या दोन्ही वाटा टाळल्या आहेत. त्यांचे म्हणणे वाचण्याआधी वाचकाच्या हाती कायद्याचा, इतिहासाचा आणि आजच्या वास्तवाचा नकाशा असावा, यासाठी ही प्रस्तावना.

नागरिकत्व जाण्याचे आपल्या कायद्यात तीन मार्ग आहेत. आठव्या कलमाखाली माणूस स्वतः घोषणा करून ते सोडतो, आणि त्याच्याबरोबर त्याच्या अज्ञान मुलांचेही जाते. मात्र त्या मुलांना सज्ञान झाल्यावर वर्षभरात ते परत मागता येते. नवव्या कलमाखाली ते परदेशी नागरिकत्व घेताक्षणी आपोआप संपते. दहाव्या कलमाखाली सरकार ते काढून घेते, पण हे कलम जन्माने नागरिक असलेल्यांना लागत नाही. ते प्रामुख्याने नोंदणीने वा देशीयकरणाने नागरिक झालेल्यांसाठी आहे. परदेशी राहणाऱ्या बहुसंख्य भारतीयांचा संबंध येतो तो नवव्या कलमाशी. त्याच्या जोडीला नियमांमध्ये एक कडक तरतूद आहे: दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतलेला असणे हाच त्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्याचा निर्णायक पुरावा. त्याविरुद्ध काही सांगायला जागाच नाही. इझहार अहमद खान यांच्या खटल्यात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. वाद होता तो पाकिस्तानचा पासपोर्ट घेऊन भारतात आलेल्यांचा.

हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण आपल्या नागरिकत्वाच्या कायद्यावर फाळणीची सावली पडलेली आहे. संविधान सभेत १९४९ च्या ऑगस्टमध्ये नागरिकत्वाच्या अनुच्छेदांवर चर्चा झाली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी सांगितले होते की, एखादा अपवाद सोडला तर मसुदा समितीला इतकी डोकेदुखी दुसऱ्या कुठल्याही अनुच्छेदाने दिली नाही. लाखो माणसे सीमा ओलांडत होती, काही परतत होती. कोण आपला आणि कोण परका, हे ठरवल्याशिवाय मतदार यादीसुद्धा करता येत नव्हती. अशा वेळी दोन्ही दगडांवर पाय ठेवायला राज्यघटनेने वाव ठेवला नाही. परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतलेला माणूस भारताचा नागरिक राहणार नाही, हे नवव्या अनुच्छेदात आले आणि १९५५ च्या कायद्याने तेच तत्त्व पुढे नेले.

दुसरे कारण परराष्ट्र धोरणाचे होते. ब्रह्मदेश, सिलोन, मलाया, पूर्व आफ्रिका इथे वसाहतींच्या काळात गेलेले भारतीय मोठ्या संख्येने होते. ज्या देशात राहता त्या देशाशी एकरूप व्हा, असे नेहरूंचे त्यांना सांगणे होते. नवस्वतंत्र देशांना आपल्या भूमीत भारताचे हस्तक राहतात असे वाटू नये, हा त्यामागचा विचार. तो चुकीचा नव्हता, पण त्याची किंमत सामान्य माणसांनी मोजली. सिलोनने १९४८ च्या कायद्याने मळ्यांवर राबणाऱ्या भारतीय तमिळांना नागरिकत्वाबाहेर ठेवले. ते कोणत्याच देशाचे उरले नाहीत. १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो कराराने त्यांची दोन देशांत वाटणी ठरवली, तेव्हा त्यांतल्या कित्येकांनी भारत कधी पाहिलाही नव्हता. युगांडात १९७२ साली इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला. त्यांत गोमंतकीयही होते. कागद पुरे नाहीत, जुने नागरिकत्व वेळेत सोडले नाही, अशा कारणांनी अनेकांचे युगांडाचे नागरिकत्वही नाकारले गेले.

नागरिकत्व देणारा देश ते परतही घेऊ शकतो, हा धडा भारतीयांना त्याच्याही पन्नास वर्षे आधी अमेरिकेत मिळाला होता. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात नोकरी केलेल्या भगतसिंग थिंद यांचा खटला १९ फेब्रुवारी १९२३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढला. कायद्यानुसार ‘गोऱ्या’ किंवा आफ्रिकी वंशाच्या माणसालाच नागरिकत्व मिळू शकते आणि सर्वसाधारण समजुतीप्रमाणे हिंदुस्थानी माणूस गोरा नव्हे, असा तो निकाल. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या हिंदी लोकांवर नागरिकत्व रद्द करण्याचे खटले भरले गेले.

वैष्णोदास बगई १९१५ साली पत्नी कला आणि तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला गेले होते. १९२१ साली ते अमेरिकी नागरिक झाले. थिंद निकालानंतर ते नागरिकत्व गेले. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे मालमत्ता ठेवण्याचा हक्क गेला, दुकान विकावे लागले. हिंदुस्थानात जाऊन येण्यासाठी अमेरिकी पासपोर्ट मिळेना. ज्या ब्रिटिश सत्तेला कंटाळून देश सोडला, तिचाच पासपोर्ट घ्या, असे त्यांना सांगण्यात आले. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली आणि आपले म्हणणे वर्तमानपत्रासाठी लिहून ठेवले. कला बगई मात्र तिथेच राहिल्या, १९४६ चा ल्यूस-सेलर कायदा होऊन भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग मोकळा झाल्यावर नागरिक झाल्या आणि आज बर्कली शहरातला एक रस्ता त्यांच्या नावाने आहे.

त्याच काळात कॅलिफोर्नियात वकिली करणाऱ्या सखाराम गणेश पंडित यांचे नाव आपल्याकडे अधिक माहीत असायला हवे. थिंद यांचे वकील तेच. १९१४ साली मिळालेले त्यांचे स्वतःचे नागरिकत्वही सरकारने रद्द करायला घेतले. त्यांनी न्यायालयात मांडले की, या नागरिकत्वावर विसंबून मी इथे संसार मांडला, वकिलीची सनद घेतली, घर घेतले, तिकडचे हक्क सोडले. आता ते काढून घेतले तर मी कुठलाच राहणार नाही आणि त्या काळच्या कायद्याप्रमाणे माझी अमेरिकी पत्नीही आपले नागरिकत्व गमावून बसेल. १९२६ साली अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील ऐकायला नकार दिला आणि उरलेले खटले सरकारने सोडून दिले. माणूस नागरिकत्वाच्या भरवशावर आयुष्य उभारतो, म्हणून ते मनाला येईल तसे काढून घेता येत नाही, हे पंडितांनी एका बलाढ्य सरकारकडून मान्य करून घेतले. या पुस्तकाचा विषय समजून घ्यायला हे एक वाक्य पुरेसे आहे.

वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे यांची कथा याच्या उलट दिशेने जाते. गदर चळवळीत उतरलेल्या या क्रांतिकारकाला ब्रिटिश हिंदुस्थानात पाऊल ठेवणे शक्य नव्हते. १९२४ साली ते मेक्सिकोला पोहोचले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले, मका आणि गव्हाच्या वाणांवर त्यांनी काम केले. दिएगो रिव्हेरा यांच्या भित्तिचित्रात त्यांना स्थान मिळाले. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांना भारतात यायचे होते, पण ब्रिटिश अमदानीतल्या बंदीमुळे त्यांचा व्हिसाचा अर्ज आधी नाकारला गेला. ज्या देशासाठी घरदार सोडले, त्या देशात शिरण्याची परवानगी मागण्याची पाळी त्यांच्यावर आली. अखेर ते परतले आणि १९६७ साली नागपुरात त्यांचे निधन झाले. कागदावर ते परदेशी होते म्हणून त्यांचे भारतीयत्व तसूभरही कमी होते, असे कोण म्हणेल?

आता गोव्याकडे येऊ. नागरिकत्व आणि राष्ट्रीय ओळख यांची गाठ मराठी-कोंकणी मुलुखात इतकी घट्ट दुसरीकडे कुठे बसलेली नाही. इथे माणसे जागची हलली नाहीत आणि देश बदलला. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. २८ मार्च १९६२ च्या आदेशाने, २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीवमध्ये स्वतः जन्मलेली, किंवा जिचे आईवडील वा आजी-आजोबा तिथे जन्मले होते अशी प्रत्येक व्यक्ती भारतीय नागरिक मानली गेली. ज्याला पोर्तुगीज नागरिकत्व ठेवायचे असेल त्याने महिन्याभरात तसे लिहून द्यायचे होते. एका गोमंतकीय धर्मगुरूंनी तसे लिहून दिले आणि राहण्याचा परवाना संपल्यावरही गोवा सोडायला नकार दिला. त्यांच्यावर परकीय नागरिक कायद्याखाली खटला झाला. हा प्रदेश व्यापलेला आहे आणि मला जिनिव्हा कराराचे संरक्षण आहे, हा त्यांचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली फेटाळला. आपल्याच जन्मगावी ते परके ठरले. त्यांची निवड आपल्याला पटो न पटो, नागरिकत्वाचा प्रश्न किती खोल जाऊ शकतो याचे हे उदाहरण आहे.

पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते तिथली हुकूमशाही कोसळल्यानंतर, ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने. पण १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचा पोर्तुगीज नागरिकत्वाचा हक्क तिथल्या कायद्यात राहिला, आणि त्यांच्यामार्फत तो मुलांनातवंडांपर्यंत पोहोचतो. लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जन्म नोंदवला की पोर्तुगीज ओळखपत्र आणि पासपोर्ट मिळतो. पोर्तुगाल युरोपीय संघात असल्यामुळे तो पासपोर्ट घेऊन हजारो गोमंतकीय इंग्लंडला गेले. स्विंडन शहरात त्यांची मोठी वस्ती झाली. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर २०२० अखेर ही मोकळी ये-जा थांबली.

पोर्तुगालच्या दृष्टीने ही जुन्या हक्काची नोंद असते. भारताच्या दृष्टीने पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व संपले. या दोन दृष्टींच्या मध्ये सामान्य माणूस सापडतो. नुसता जन्म लिस्बनला नोंदवला, पासपोर्ट घेतला नाही, तर त्याचे भारतीय नागरिकत्व राहिले की गेले, यावर गोव्यात आमदारांपासून मजुरांपर्यंत अनेकांची प्रकरणे निघाली. पोर्तुगीज नागरिक झाल्याचे न सांगता भारतीय पासपोर्ट वापरत राहिलेल्यांचे पासपोर्ट रद्द होऊ लागले आणि मग ओसीआय कार्डही मिळेना, कारण त्यासाठी सरेंडर प्रमाणपत्र लागते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गोव्यात हा प्रचाराचा मुद्दा होता. त्याच वर्षी, मुक्तीपूर्वी शिक्षणासाठी पाकिस्तानात गेलेल्या, तिथला पासपोर्ट घेतलेल्या आणि उतारवयात गोव्यात परतलेल्या एका गृहस्थांना सुधारित नागरिकत्व कायद्याखाली भारतीय नागरिकत्व मिळाले.

पोर्तुगीज पासपोर्टविषयी मराठी मनात राग आहे, आणि तो उगाच नाही. गोवा मुक्तीसाठी लढणारे सांगलीचे मोहन रानडे १९५५ साली बेती पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात पकडले गेले. गोवा मुक्त झाल्यानंतरही सात वर्षे ते पोर्तुगालच्या तुरुंगात होते. १९६९ च्या जानेवारीत, तेरा वर्षांहून अधिक काळाच्या कैदेनंतर त्यांची सुटका झाली. ज्या लिस्बनजवळच्या किल्ल्यात अशा माणसांनी तारुण्य घालवले, त्याच लिस्बनला जन्म नोंदवायला रांग लागते, याचे दुःख स्वातंत्र्यसैनिकांनी बोलून दाखवले तर ते समजून घेतले पाहिजे. पण त्याबरोबर हेही समजून घ्यायला हवे की, रांगेतला बहुतेक तरुण पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या साम्राज्याला मुजरा करायला उभा नसतो. त्याला परदेशातल्या गोदामात मिळणारा पगार हवा असतो. पोर्तुगालमध्ये त्याला राहायचेही नसते. त्याच्या आजोबांच्या पिढीने मुंबईच्या धोबी तलावावरच्या कुडांत, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक खोल्यांत, राहून बोटीवरच्या नोकऱ्या धरल्या, वडिलांच्या पिढीने आखात गाठले, त्याने इंग्लंड गाठले. पोटासाठी बाहेर पडणे हा गोव्याचा दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि देशद्रोहाच्या आरोपाने तो समजत नाही.

हाच प्रामाणिकपणा अमेरिकेतल्या मराठी माणसाबद्दलही दाखवायला हवा. तिथे नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही. त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची प्रतीक्षा दशकांत मोजावी लागते. नोकरी गेली तर काही आठवड्यांत देश सोडण्याची टांगती तलवार, आईचे आजारपण कळल्यावरही व्हिसाच्या शिक्क्याची भीती, मुलांच्या शिक्षणाची अनिश्चितता, अशी पंधरा-वीस वर्षे काढल्यावर नागरिकत्वाची संधी येते तेव्हा ती घेणारा माणूस भारताकडे पाठ फिरवत नसतो. तो भीतीतून सुटत असतो. काहींच्या बाबतीत आणखी एक चांगले कारण असते: जिथे कर भरतो, जिथे मुले शाळेत जातात, तिथे मत देता यावे. लोकशाहीत वाढलेल्या माणसाला असे वाटणे स्वाभाविक आहे.

मग जाते काय? पहिली गोष्ट मत. इथे कायद्याची एक विसंगती लक्षात घ्यावी. २०१० च्या दुरुस्तीनंतर भारतीय पासपोर्ट कायम ठेवलेला अनिवासी भारतीय तीस वर्षे दुबईत राहिला तरी गावच्या मतदार यादीत नाव घालू शकतो, आणि मतदानाला स्वतः येऊन मत देऊ शकतो. परदेशी नागरिकत्व घेऊन पुण्यात परत आलेला, इथेच कर भरणारा, इथेच म्हातारा होणारा माणूस मात्र महापालिकेलाही मत देऊ शकत नाही. दुसरी गोष्ट पद आणि सरकारी नोकरी. तिसरी जमीन: ओसीआय कार्डधारकाला फ्लॅट घेता येतो, शेतजमीन, फार्महाऊस, मळा विकत घेता येत नाही. वारशाने आलेली शेती राहते, पण सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावण्यासाठी तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत परदेशी पासपोर्ट दाखवत फिरणे म्हणजे काय, हे भोगलेल्यालाच ठाऊक.

ओसीआय कार्डाचा जन्म दुहेरी नागरिकत्वाच्या मागणीतून झाला. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांच्या उच्चस्तरीय समितीने जानेवारी २००२ मध्ये तशी शिफारस केली. संसदेने दिले ते मात्र बरेच कमी. २००६ च्या जानेवारीत हैदराबादच्या प्रवासी भारतीय दिवसात पहिली कार्डे दिली गेली. आजन्म व्हिसा, पोलीस नोंदणीतून सुटका, आर्थिक बाबतींत अनिवासी भारतीयांच्या जवळपास बरोबरी, एवढे त्यात मिळते. कधीही पाकिस्तान वा बांगलादेशचे नागरिक राहिलेल्यांना आणि त्यांच्या मुलांनातवंडांना ते मिळत नाही. त्याहून महत्त्वाचे हे की, कार्डाचे हक्क सरकारी अधिसूचनेवर अवलंबून असतात आणि अधिसूचना बदलते. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रचार, गिर्यारोहण यांसाठी विशेष परवानगी लागू केली आणि प्रवेश परीक्षांत कार्डधारक विद्यार्थ्यांना भारतीय नागरिकांसाठीच्या जागांवरून बाजूला केले. इथेच वाढलेली, इथल्याच शाळांत शिकलेली मुले त्यामुळे अडकली. २०२३ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने हा बदल आधी कार्ड घेतलेल्यांना लागू होणार नाही असे ठरवून त्यांना दिलासा दिला. हे कार्ड २०१७ साली पोर्तुगालचे पंतप्रधान आंतोनियो कोस्ता यांना, त्यांच्या वडिलांच्या मडगावच्या मुळांमुळे, भारताच्या पंतप्रधानांनी लिस्बनमध्ये स्वतः दिले. ते आपुलकीचे प्रतीक म्हणून सुंदर होते. त्याच कार्डासाठी सासष्टीतल्या खलाशाच्या मुलाला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागू नयेत.

यापलीकडचा प्रश्न मनाचा आहे. नागरिकत्व एका दिवशी जाते. राष्ट्रीय ओळख तशी जात नाही. ती बदलते, आणि तिला दोन-तीन पिढ्या लागतात. पहिल्या पिढीत ती बहुतेक वेळा अधिक तीव्र होते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे आहे, उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालचे. त्यांच्या गणेशोत्सवांचे आणि अधिवेशनांचे ओझे वाहणाऱ्या कार्यकर्त्यांत कितीतरी जण कायद्याने भारतीय नाहीत. परक्या भूमीत मराठी शाळा चालवणे हे त्यांच्यासाठी रविवारचे काम नसते, आपण कोण आहोत याचे ते उत्तर असते. या तीव्रतेला एक धोकाही आहे. ज्या धोरणांचे परिणाम आपल्याला भोगायचे नाहीत, त्यांविषयी दुरून टोकाची मते धरणे सोपे असते. मत गेल्यावर मतप्रदर्शनाचा आवाज चढतो, हे अनेकांच्या बाबतीत खरे आहे.

सगळ्यांची ओळख एकाच ठिकाणी रुजलेली नसते, हेही विसरता कामा नये. परदेशी स्थायिक झालेल्या आंबेडकरी कुटुंबांना मातृभूमीची भावुक भाषा अनेकदा आपली वाटत नाही. गावाने त्यांच्या आजोबांना पाणवठ्यावर येऊ दिले नव्हते. त्यांना भारताशी बांधते ते संविधान. त्यांच्यासाठी नागरिकत्व सोडणे म्हणजे ज्या दस्तऐवजाने माणूस म्हणून पहिल्यांदा मोजले, त्याच्या छायेतून बाहेर पडणे. तरीही ते १४ एप्रिल साजरा करतात, आणि लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचे बाबासाहेबांचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली घेतल्यावर तिथे आवर्जून जातात. राष्ट्रीय ओळख कशाची बनलेली असते, याचे यापेक्षा विचार करायला लावणारे उत्तर मला माहीत नाही.

आणि आपण, इथे राहिलेले? मालवण तालुक्यातल्या वराड गावाला मूळ असलेले लिओ वराडकर २०१७ साली आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा सिंधुदुर्गात आनंद झाला. तो योग्यच होता. पण शेजारच्या घरातल्या मुलाने कॅनडाचे नागरिकत्व घेतले की तोच समाज ‘देश विकला’ म्हणतो. मोठ्या पदावर पोहोचलेल्याचे परदेशीपण अभिमानाचे आणि सामान्याचे लाजेचे, हा न्याय नव्हे. नागरिकत्व हे निष्ठेचे माप मानले की असे होते. इथे राहून कर चुकवणारा आणि तिथे राहून गावच्या शाळेला छप्पर घालणारा, या दोघांची निष्ठा पासपोर्टवरून ठरवता येणार नाही.

दुहेरी नागरिकत्व भारताने द्यावे का, यावर या पुस्तकात दोन्ही बाजूंची मते आहेत. पोर्तुगाल आणि ब्रिटन ते चालवून घेतात. वर्षानुवर्षे विरोध करणाऱ्या जर्मनीनेही जून २०२४ पासून ते मान्य केले. माझे मत असे: मताचा आणि पदाचा हक्क ज्यांना निर्णयांचे परिणाम सोसायचे आहेत त्यांच्याकडेच राहावा, यात भारताची भूमिका रास्त आहे. पण माजी नागरिकांचे बाकीचे हक्क अधिसूचनेच्या लहरीवर ठेवू नयेत, ते संसदेने कायद्यात लिहावेत. गोव्यासारख्या जिथे खरा वाद आहे अशा प्रकरणांत माणसाचे म्हणणे ऐकल्याशिवाय निर्णय होऊ नये. आणि परतीची वाट सगळ्यांना माहीत असावी. ती कायद्यात आजही आहे: पाच वर्षे ओसीआय कार्डधारक असलेला, अर्जाआधी बारा महिने भारतात राहिलेला माणूस परदेशी नागरिकत्व सोडून पुन्हा भारताचा नागरिक होण्यासाठी अर्ज करू शकतो. परदेशी स्थायिक झालेल्यांनीही एक गोष्ट मान्य करावी. आपण एक निर्णय घेतला आहे आणि त्याने काही हक्क गेले आहेत. ते न लपवता, दोन पासपोर्ट खिशात न बाळगता जगणे हीसुद्धा देशाविषयीची सचोटी आहे.

पुढची पाने वाचताना वाचकांना एवढीच विनंती. कोणी देश का सोडला, याचा निवाडा करायची घाई करू नका. त्यांनी काय गमावले आणि काय जपले, ते आधी नीट ऐका. तुमच्या घरात किंवा नात्यात असा एखादा माणूस असेल, तर त्याला ‘आता तू आमचा नाहीस’ असे म्हणू नका. नागरिकत्व ठरवायला कायदा आहे. आपलेपणा ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, आणि तो आपण उदारपणे वापरला पाहिजे.